हेडली व्हेरिटी : धंदेवाईक खेळाडू आणि सैन्याधिकारी

दोन महायुद्धांच्या दरम्यानचे इंग्लंडमधील कौंटी क्रिकेट त्या समाजातील वर्गभेदाचा एक बोलका पुरावा आहे. एकाच संघातील खेळाडूंचे हौशी आणि धंदेवाईक असे दोन वर्ग मानले जात. हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावापूर्वी, तर धंदेवाइकाची आडनावानंतर छापण्याचा प्रघात होता, आणि कर्णधारपद सामान्यतः हौशी खेळाडूकडेच जाई. यॉर्कशायरचा डावखुरा फिरकी गोलंदाज हेडली व्हेरिटी याचे चरित्र या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरते.

व्हेरिटीचा जन्म १८ मे १९०५ रोजी लीड्स येथे झाला. लँकेशायरमधील क्लबांत उमेदवारी केल्यानंतर १९३० मध्ये त्याला यॉर्कशायरच्या संघात स्थान मिळाले. त्याच वर्षी विल्फ्रेड ऱ्होड्स निवृत्त झाला आणि त्याचा वारसा व्हेरिटीकडे आला. १२ जुलै १९३२ रोजी नॉटिंगहॅमशायरविरुद्ध १९.४ षटकांत अवघ्या १० धावा देऊन त्याने दहाही गडी बाद केले. हा विक्रम अद्याप अबाधित आहे. १९३३-३४ च्या हिवाळ्यात जार्डिनच्या संघाबरोबर तो हिंदुस्थानात आला. मुंबईतील जिमखान्याच्या मैदानावर झालेल्या, या देशातील पहिल्या कसोटी सामन्यात तो खेळला. मद्रासच्या कसोटीत त्याने १५३ धावांत ११ बळी घेतले. १९३४ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचे १५ गडी त्याने १०४ धावांत टिपले, त्यांपैकी १४ एकाच दिवशी. ४० कसोटींत १४४ बळी ही त्याची एकूण कामगिरी होय.

एवढे असूनही यॉर्कशायरचे वा इंग्लंडचे नेतृत्व त्याच्याकडे येण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. आपल्या थोरल्या मुलाचे नाव त्याने ऱ्होड्सवरून विल्फ्रेड ठेवले, तर धाकट्याचे जार्डिनवरून डग्लस. पहिला धंदेवाईक, दुसरा हौशी कर्णधार. दोघांविषयीचा त्याचा आदर सारखाच होता.

१९३८ च्या म्युनिक प्रसंगानंतर युद्ध अटळ आहे असे व्हेरिटीचे मत झाले. ग्रीन हॉवर्ड्स पलटणीतील कर्नल शॉ यांनी दिलेल्या युद्धशास्त्रविषयक पुस्तकांचे त्याने अध्ययन केले. जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले त्याच दिवशी, म्हणजे १ सप्टेंबर १९३९ रोजी, होव्ह येथे ससेक्सविरुद्ध तो आपला अखेरचा कौंटी सामना खेळत होता. त्या डावात त्याने नऊ धावांत सात बळी घेतले. पुढे ग्रीन हॉवर्ड्समध्ये त्याला अधिकारपद मिळाले आणि तो कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढला. केंब्रिजचा पदवीधर आणि यॉर्कशायरचा हौशी फलंदाज नॉर्मन यार्डली हाही त्याच पलटणीत अधिकारी होता. मैदानावर ज्यांचे वर्ग वेगळे, ते येथे एकाच दर्जाने वावरले.

१९४२ मध्ये पलटण हिंदुस्थानात आली. रांचीच्या मुक्कामात व्हेरिटीला आमांशाने ग्रासले. तेथून इराण, सीरिया व इजिप्तमार्गे ही फौज जुलै १९४३ मध्ये सिसिलीत उतरली. १९ जुलैच्या रात्री कातानियाच्या मैदानात चढाई करताना पिकलेल्या धान्याच्या शेतांना आग लागली. आपल्या तुकडीचे नेतृत्व करीत असलेल्या व्हेरिटीच्या छातीला जखम झाली. तशा अवस्थेतही त्याने सैनिकांना पुढे जाण्याची आज्ञा केली. तो जर्मनांच्या हाती सापडला आणि ३१ जुलै १९४३ रोजी इटलीतील कासेर्ता येथे मृत्यू पावला. त्या वेळी तो ३८ वर्षांचा होता.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. ब्रिटिश सैन्य समतावादी होते, असा निष्कर्ष यावरून निघत नाही. महायुद्धामुळे सैन्याचा अफाट विस्तार झाला आणि अधिकाऱ्यांची निकड भासली, म्हणून जुने निर्बंध शिथिल झाले. परंतु धंदेवाईक खेळाडूच्या अंगी नेतृत्वगुण नसतात, या समजुतीला आधार होता तो रूढीचा, अनुभवाचा नव्हे, हे मात्र व्हेरिटीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. ज्या माणसाच्या हाती अकरा खेळाडू सोपविणे रूढीला मान्य नव्हते, त्याच्या हाती रणांगणावर शेकडा माणसांचे प्राण सोपविले गेले.

युद्धानंतरही ही रूढी एकदम मोडली नाही. यार्डली इंग्लंडचा कर्णधार झाला. १९५२ मध्ये व्हेरिटीचा यॉर्कशायरमधील सहकारी लेन हटन हा धंदेवाईक खेळाडू त्या पदावर आला, आणि १९६२ च्या अखेरीस हौशी-धंदेवाईक हा भेदच रद्द करण्यात आला. कासेर्ताच्या युद्धदफनभूमीत विसावलेल्या कॅप्टन व्हेरिटीला यांपैकी काहीच पाहावयास मिळाले नाही.