दोन सेलांची मोजपट्टी

रणगाड्याच्या प्लॅस्टिक किटचं खोकं हातात घेतलं की बहुतेक वेळा एकच आकडा दिसतो, १:३५. मॉडेलवाल्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की हा ३५ आला कुठून, हे विचारायचं राहूनच जातं.

बाकीच्या प्रमाणांचा हिशेब सरळ आहे. विमानांचं १:७२ म्हणजे खऱ्यातल्या सहा फुटांना मॉडेलमध्ये एक इंच. १:४८ म्हणजे फुटाला पाव इंच. पस्तिसाचा मेळ ना फूट-इंचांशी बसतो, ना मीटरशी. कुठल्याही मोजपट्टीवर न बसणारा हा आकडा एका मोटारीने आणि दोन सेलांनी ठरवला.

गोष्ट जपानमधल्या शिझुओकाची. योशिओ तामिया यांनी १९४६मध्ये तिथे लाकडाचा धंदा सुरू केला. लाकूड होतंच, म्हणून त्याची जहाजांची मॉडेलं निघाली. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून प्लॅस्टिकची किटं आली आणि लाकडी मॉडेलांचं गिऱ्हाईक पळालं. तामियांनी १९६०मध्ये ‘यामातो’ युद्धनौकेचं प्लॅस्टिक किट काढलं, पण त्याच वेळी प्रतिस्पर्ध्याने तेच जहाज स्वस्तात बाजारात आणलं. साच्यांचा खर्चही निघेना.

पुढच्या खेपेला योशिओंचे चिरंजीव शुनसाकू यांनी जर्मन ‘पँथर’ रणगाडा निवडला. त्याच्या अंगाला सरळ कडा आणि सपाट उतार जास्त, त्यामुळे साचा कापायला सोपा. खोक्यावरचं चित्र शिगेरू कोमात्सुझाकी या नामवंत चित्रकाराकडून काढून घेतलं. रणगाडा मोटारीवर चालायला हवा होता. तेव्हा मोटार आणि सेल पोटात मावतील एवढं त्याचं अंग धरलं. किट धडाक्यात खपलं. मग इतर देशांचे रणगाडे त्याच मापात काढायचं ठरलं, आणि तेव्हा कुठे कुणीतरी पँथरला पट्टी लावली. उत्तर आलं, साधारण पस्तिसावा हिस्सा. शुनसाकू यांनी पुढे आपल्या पुस्तकात ही हकिकत मोकळेपणाने सांगून टाकली आहे.

मोटारीने माप ठरवण्याची ही पहिली वेळ नव्हती. ब्रिटिश रेल्वेची इंजिनं अंगाने लहान. १:८७च्या प्रमाणात त्यांच्यात मोटार मावेना. म्हणून तिथल्या खेळण्यांमध्ये रूळ १:८७चे ठेवून वरची गाडी मात्र १:७६ची केली. आजही ती गाडी आपल्या रुळांपेक्षा जाडच दिसते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, त्यातल्या गाड्या १:८७च्या.

इकडे तामियाने १९६८मध्ये १:३५च्याच मापातले सैनिक काढले, आणि खेळण्याची जागा हळूहळू देखाव्याने घेतली. अमेरिकेत मोनोग्राम कंपनीचे रणगाडे १:३२चे होते. त्यांच्या खोक्यांत शेपर्ड पेन यांच्या देखाव्यांची माहितीपत्रकं असत. मॉडेल रंगवण्याचे कितीतरी धडे लोकांनी त्यातून गिरवले. गंमत अशी की धडे टिकले, १:३२ मात्र मागे पडलं.

हे धडे समजून घ्यायला थोडं गणित लागतं. १:३५च्या मापात पावणेसहा फुटी माणूस पाच सेंटिमीटरचा होतो. एक मिलिमीटर जाडीचा मडगार्ड म्हणजे खऱ्यातला साडेतीन सेंटिमीटर जाड पत्रा! म्हणून त्याची कड मागच्या बाजूने, दिसणार नाही अशी, घासून बारीक करायची. सावल्यांचंही तसंच. एवढ्याशा वस्तूवर खाचखळग्यांची सावली नीट पडत नाही; ती रंगानेच आणावी लागते. पातळ केलेला गडद रंग खाचांमध्ये सोडला की तो आपोआप फटींतून धावतो. तो वाळला की फिकट रंगात ब्रश बुडवायचा, कापडावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. रिव्हेट आणि कडा उजळून वर येतात. नवशिक्याचा हात इथेच सैल सुटतो, आणि रणगाडा पिठात लोळून आल्यासारखा दिसतो.

पट्ट्यांचं दुखणं वेगळं. खरा लोखंडी पट्टा वजनाने वरच्या चाकांवर झोळ खातो. किटमधला रबरी पट्टा ताणलेला राहतो, कारण त्याला मोटारीवर फिरायचं होतं. काहीजण तो काळ्या दोऱ्याने खाली ओढून बांधतात, काहीजण चाकांना चिकटवतात.

जुन्या किटांच्या तळाला मोटारीच्या बटणासाठी ठेवलेली भोकं असतात. पुढे खोक्यातून मोटार गेली, पण साचा तोच राहिला, त्यामुळे भोकंही राहिली. देखावा करणारा माणूस रणगाडा आधी उताणा करतो, भोकांवर आतून प्लॅस्टिकची चकती लावतो, पुट्टी भरतो, पॉलिश पेपरने घासतो. मग रणगाडा पायावर कायमचा चिकटवतो, आणि तो तळ पुन्हा कुणाच्याच नजरेला पडत नाही.