पदवीचा भाव : मराठवाड्यातला शंभर वर्षांचा हिशेब



नातीचा बारावीचा निकाल लागला. कॉमर्सला चांगले मार्क पडले आहेत आणि तिला नांदेडला बी.कॉम.ला जायचंय. मुलाचं म्हणणं, तीन वर्षं अर्धापूर–नांदेड बसचे धक्के खाऊन हाती काय येणार? त्याने मोबाईलवर काढूनच दाखवलं : २०२३ साली राज्यात तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या, अर्ज आले दहा लाखांच्या वर, आणि पात्रता पदवीची. "आई, घरची आडत आहे. तिला इथंच गल्ल्यावर बसू दे, दोन वर्षांत सगळं शिकेल."

तेव्हा मी काही बोलले नाही, वाटाण्याच्या शेंगा सोलत राहिले. पण मीही बी.कॉम. आहे, हिशेब अर्धा टाकून मला झोप लागत नाही. त्यात त्याने उदाहरण काढलं ते तलाठ्याचं, म्हणून तिथूनच सुरू करते.

निजामाच्या राज्यात तलाठ्याचं काम पटवारी करायचा. दप्तर त्याच्याच घरी आणि काम वंशपरंपरेचं. मोडी वाचता-लिहिता आली, गावातल्या जमिनी पाठ असल्या की झालं. त्या खुर्चीला पदवी लागत नव्हती, बाप लागत होता. वरच्या जागांना मात्र भाषा लागायची. १८८० च्या दशकात हैदराबादच्या कचेऱ्यांतून फारसी गेली आणि उर्दू आली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. देशी भाषेत उच्च शिक्षण देणाऱ्या देशातल्या पहिल्या आधुनिक विद्यापीठांपैकी हे एक. काम मोठंच होतं, त्यासाठी पुस्तकांची भाषांतरं करायला वेगळं खातं काढलं होतं. पण आपल्या घरांतली भाषा उर्दू नव्हती. मराठवाड्यात तेव्हा औरंगाबादला इंटरपर्यंतचं कॉलेज होतं. पुढं बी.ए. करायचं तर मनमाड–हैदराबाद गाडीत बसायचं आणि चारमिनारच्या गावी राहायचं. ते किती घरांना झेपणार?

माझे सासरे उर्दू शाळेत शिकले. मॅट्रिकच्या पुढे गेले नाहीत, पण अक्षर असं की गावातले लोक अर्ज लिहून घ्यायला ओट्यावर येत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, कचेरीची भाषा मराठी झाली. सासरे म्हणायचे, "एका सकाळी उठलो तर मी अडाणी." गंमत पुढेच आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निजामकाळातली दप्तरं उघडली, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना शोधत सरकार फिरू लागलं. आमच्याकडेही दोन-तीन जण जुने कागद घेऊन आले, घरात कुणाला वाचता येतं का म्हणून. सासऱ्यांना जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती.

पदवीचा भाव असा राज्याबरोबर बदलतो, हे त्या काळच्या पोरांनाही कळत असणारच. तरी १९३८ साली औरंगाबादच्या कॉलेजात आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत मुलांनी वंदे मातरम म्हणायचं सोडलं नाही. शेकडोंची नावं कॉलेजातून काढून टाकली. त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच एक. कचेरीची नोकरी हातातोंडाशी आलेली असताना ती सोडणारी ही मुलं माझ्या मुलाच्या हिशेबात कुठे बसवायची, मला कळत नाही.

स्वामी रामानंद तीर्थांचंही तसंच. त्यांची पदवी टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची, म्हणजे इंग्रज सरकारला न जुमानणाऱ्या विद्यापीठाची. सरकारी नोकरीच्या बाजारात तिला विचारतो कोण! पण याच माणसाच्या पुढाकाराने १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याचंच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. शंभर वर्षांतली मराठवाड्याची सगळ्यात मोठी गुंतवणूक मी या दोन कॉलेजांना म्हणेन. ज्या घरात आधी कुणी पाटीही धरली नव्हती, तिथल्या मुलाच्या हातात पदवी आली, तर तिची किंमत नुसत्या पगारात मोजायला आपण कोण?

पीपल्स कॉलेज म्हटलं की नांदेडकरांना नरहर कुरुंदकर आठवतातच. वसमतजवळच्या कुरुंद्याचे, १९३२ चा जन्म. इंटरला पुन्हा पुन्हा नापास झालेला हा माणूस प्रतिभा निकेतन शाळेत शिकवायचा, आणि त्याचं वाचन असं की भलेभले प्राध्यापक त्याच्यापुढे जपून बोलत. आता तुम्ही म्हणाल, बघा, पदवी नसून काय अडलं? अडलं ना. उशिरा का होईना त्यांना परीक्षा द्याव्याच लागल्या. बी.ए., एम.ए. झाल्यावर ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढे प्राचार्य. विद्वत्ता आधीचीच होती, पण पगारपत्रकावर नाव चढायला कागद लागला. १९८२ च्या फेब्रुवारीत ते गेले, पन्नाशीही गाठली नव्हती.

१९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, तालुक्या-तालुक्याला कॉलेजं निघाली आणि पदवीधर वाढले. नोकऱ्या तितक्या वाढल्या नाहीत. १९५३ च्या नागपूर करारात कबूल केलं होतं की नोकऱ्यांत आणि तंत्रशिक्षणात मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल. घटनेच्या ३७१(२) कलमातही नोकरीच्या पुरेशा संधींचा शब्द आहे. आपल्याकडे पदवी आणि नोकरीचं नातं असं थेट घटनेत जाऊन बसलंय, आणि तरी १९७४ उजाडलंच. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या नोकऱ्या इथल्या मुलांना मिळत नाहीत, या तक्रारीवरून विद्यार्थी रस्त्यावर आले. वसमतला गोळीबार झाला, त्यात विद्यार्थ्यांचे जीव गेले. वसमत आमच्या शेजारचंच. मी शाळेत होते. शाळा बंद, मोंढा बंद, आणि वडील दाराशी उभे राहून कुणालाच आत-बाहेर जाऊ देत नव्हते, एवढं आठवतं.

चार वर्षांनी, १९७८ च्या जुलैत, विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि नांदेड-परभणीच्या खेड्यांत दलित वस्त्या जळाल्या. पदवीच्या कागदावर वर छापायच्या नावासाठी! मला वाटतं, नोकऱ्यांची टंचाई त्या रागाच्या तळाशी होतीच, पण ती सबब झाली, कारण नव्हे. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं. माझ्या पदवीवर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' आहे, १९८१ सालचं. त्या नावाचं विद्यापीठ आज नाही.

त्या पदवीचा हिशेबही सांगते. बँकेच्या कारकुनीची लेखी परीक्षा मी पास झाले होते. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा माझं लग्न ठरलं होतं, आणि मोठ्यांनी ते पत्र मला दाखवलं ते हळद लागल्यावर. पुढची पस्तीस वर्षं त्या पदवीचं उत्पन्न शून्य. दिवाबत्तीनंतर रोजमेळ लिहायची तेवढंच, आणि त्याला कुणी नोकरी म्हणत नाही. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आमचे मुनीम पंचाहत्तरीचे, कॉम्प्युटर बघून ते घरीच बसले. ओल्या हळदीवर कर नाही, वाळवलेल्या हळदीवर ५ टक्के, आडतीवर वेगळा, हे सगळं मी छप्पन्नाव्या वर्षी वाचून काढलं. पहिले दोन वर्षांचे रिटर्न मी भरले. मुलगा तेव्हा सांगायचा, आई नसती तर सल्लागाराच्या फीतच मेलो असतो. तो हे विसरलाय, मी विसरले नाही.

त्याची आकडेवारी खोटी नाही. २०२२-२३ च्या सरकारी श्रमबल पाहणीत देशातली बेकारी ३.२ टक्के होती आणि पदवीधरांमधली १३.४ टक्के. पण न शिकलेल्या माणसाला बेकार राहणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर थांबतो, कारण घर त्याला पोसतं. हे त्या आकड्यात दिसत नाही. लातूर पॅटर्नमधून डॉक्टर झालेली मुलं एकीकडे, पस्तिशीपर्यंत स्पर्धा परीक्षा देत पुण्यात खोली करून राहिलेली दुसरीकडे, दोघांच्या घरून पैसे जातच होते.

आणि मुलींचा हिशेब वेगळाच असतो. गल्ल्यावर बसलेल्या मुलाचं दुकान त्याचं होतं. नात आज गल्ल्यावर बसली, तर ते दुकान तिच्याबरोबर सासरी जाणार आहे का? मी हे मुलाला विचारलं. तो म्हणाला, बघू.

प्रवेशाची शेवटची तारीख शुक्रवार आहे. फी मी माझ्या खात्यातून भरली. रोजमेळात ती भांडवली खर्चात टाकली आहे, मुलाने अजून ते पान उघडलेलं नाही.