७ स्फोट, ११ मिनिटं आणि १९ वर्षं

आजची गोष्ट ११ जुलै २००६ची. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील.

मंगळवारची संध्याकाळ. चर्चगेटहून सुटलेल्या लोकल माणसांनी खचाखच भरलेल्या. ६ वाजून २४ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ६:३५ला सातवा. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यात. १८०हून जास्त माणसं गेली, ८००च्या वर जखमी झाली.

आता म्हणाल, हे मुंबईचं, जव्हार-मोखाड्याचा काय संबंध? पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. त्याआधी आपण ठाणे जिल्ह्यातच होतो, आणि मीरा रोडही ठाणे जिल्ह्यातच. म्हणजे त्यातला एक स्फोट आपल्याच जिल्ह्यात झाला होता.

त्याच्या वर्षभर आधी, ७ जुलै २००५ला, लंडनमध्ये भुयारी रेल्वे आणि बसमध्ये स्फोट झाले. राजधानीतला तो आत्मघाती हल्ला होता. चारही हल्लेखोर जागीच मेले आणि काही दिवसांतच त्यांची ओळख पटली. मुंबईत तसं नव्हतं. इथे बॉम्ब डब्यात ठेवलेले होते. ठेवणारे उतरून गर्दीत मिसळून गेले. त्यामुळे ‘कोणी केलं?’ हा प्रश्न स्फोटांनंतरही जिवंत राहिला.

दुसऱ्या दिवशी लोकल पुन्हा धावल्या. मुंबईच्या ‘स्पिरिट’चं कौतुक झालं. खरं सांगू? पोटासाठी कामावर जावंच लागतं, एवढाच त्याचा अर्थ.

खटला मात्र लोकलच्या वेगाने धावला नाही. मोक्का न्यायालयाने २०१५मध्ये १२ जणांना दोषी धरलं, ५ जणांना फाशी आणि ७ जणांना जन्मठेप. त्यातला एक जण २०२१मध्ये कैदेत असतानाच वारला. मग २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या १२ जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब, ओळख परेड, काहीच टिकलं नाही. बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेही सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलं नाही.

म्हणजे बघा, एकीकडे ज्यांचं माणूस गेलं ती घरं, आणि दुसरीकडे ज्यांची १९ वर्षं तुरुंगात गेली ती घरं. दोन्ही घरांचा प्रश्न एकच आहे: मग केलं कोणी?

तपास घाईत उरकला, की खरा गुन्हेगार सुटतो. तेव्हा पुढच्या वेळी मोबाईलवर ‘आरोपी सापडला’ अशी बातमी आली, तर फॉरवर्ड करण्याआधी जरा थांबा. आरोपी म्हणजे दोषी नव्हे.

भेटू पुढच्या भागात.