ब्रॉडबँडची कंपनी बदलताना पैशांचे वाद का होतात?

मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय भारतात २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणापासून सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ रोजी देशभर लागू झाली. घरात तारेने येणाऱ्या इंटरनेटला मात्र अशी सोय आजही नाही. जुनी जोडणी बंद करणे आणि नवी घेणे हे दोन स्वतंत्र व्यवहार ठरतात. नवी कंपनी जुन्या कंपनीशी बोलत नाही आणि दोन्ही व्यवहारांची जुळवाजुळव ग्राहकालाच करावी लागते. बिलांवरून होणारी बहुतेक भांडणे या जुळवाजुळवीत जन्माला येतात.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये कंपनी बदलण्यासाठी जुन्या कंपनीकडून 'मॅक' नावाचा संकेतांक मिळवावा लागत असे. थकबाकीचे वा अन्य काही कारण सांगून कंपन्या तो अडवून ठेवत. अखेर तेथील नियामक संस्था 'ऑफकॉम'ने १४ फेब्रुवारी २००७ पासून हा संकेतांक मागणाऱ्या ग्राहकाला तो विनामूल्य देणे सर्व कंपन्यांना बंधनकारक केले. पुढे २०१५ मध्ये संकेतांकाची पद्धतच बंद झाली. १२ सप्टेंबर २०२४ पासून तेथे ग्राहकाने फक्त नव्या कंपनीला कळवायचे, जुनी जोडणी बंद करण्याचे काम त्या दोघींनी आपसांत उरकायचे, अशी व्यवस्था आहे. जोडणी बदलल्याच्या दिवसानंतरचे 'नोटीस'च्या मुदतीचे पैसेही जुन्या कंपनीला आकारता येत नाहीत. हा शेवटचा नियम वरवर किरकोळ वाटतो. पण आपल्याकडील वादांचे मूळ नेमके तेथेच आहे.

सेवा बंद झाली, ती कोणत्या दिवशी? ग्राहकाच्या मते, त्याने फोन करून 'आता नको' असे सांगितले त्या दिवशी. किंवा दरमहा पैसे न्यायला येणाऱ्या मुलाला सांगितले त्या दिवशी. कंपनीच्या मते, बंद करण्याचा अर्ज नोंदला गेला, थकबाकी भरली गेली आणि राऊटर परत मिळाला त्या दिवशी. या दोन तारखांमध्ये कधी आठवडा जातो, कधी तीन महिने. तोवर संगणक इमाने इतबारे दरमहा बिल काढत राहतो, त्यावर विलंब शुल्क चढते, आणि वसुलीचा फोन येतो तेव्हा ग्राहक दुसऱ्या कंपनीचे इंटरनेट वापरत असतो. वापरच केला नाही, हा त्याचा युक्तिवाद न्याय्य असला तरी अपुरा पडतो. कारण पोस्टपेड योजनेतील मासिक भाडे हे वापराचे नसून जोडणी चालू असण्याचे असते. म्हणून जोडणी बंद करण्याची विनंती ई-मेलने किंवा कंपनीच्या अॅपवरून करावी आणि तिचा नोंदणी क्रमांक जपून ठेवावा. तोंडी निरोपाला पुढे काहीही किंमत उरत नाही.

प्रीपेड योजनेत हा प्रश्न येत नाही. मुदत संपली की सेवा थांबते. तेथे पैसे आधीच कंपनीच्या हाती गेलेले असतात, ही अडचण आहे. 'सहा महिन्यांचे भरा, एक महिना मोफत' या आमिषाने भरलेल्या रकमेतील उरलेला भाग मध्येच सोडून जाणाऱ्याला सहसा परत मिळत नाही, आणि तशी अट करारात लिहिलेलीही असते. सेवाच सदोष असेल तर गोष्ट वेगळी. सेवेतील त्रुटीबद्दल कायद्याने दाद मागता येते. मात्र इंटरनेट वारंवार बंद पडत होते हे तारीखवार तक्रार क्रमांकांनीच सिद्ध होते. दर वेळी 'लाइनमन'ला थेट फोन करून काम भागवणाऱ्या ग्राहकाकडे नेमका हाच पुरावा नसतो.

अनामत आणि राऊटर

अनामत रकमेबाबत नियम पुरेसा स्पष्ट आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) जुन्या नियमांत जोडणी बंद झाल्यावर ती परत करण्यास ६० दिवसांची मुदत होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांत ती ४५ दिवसांवर आणली आहे. वाद होतो तो भरलेली रक्कम अनामत होती की शुल्क, यावर. जोडणी देताना 'डिपॉझिट' म्हणून घेतलेले पैसे पावतीवर 'इन्स्टॉलेशन' किंवा 'अॅक्टिव्हेशन' म्हणून दाखवलेले आढळतात. ओळखण्याची एक साधी खूण आहे. परत करावयाच्या अनामतीवर जीएसटी लागत नाही. पावतीवर त्या रकमेपुढे १८ टक्के कर दाखवला असेल, तर ती बहुधा अनामत नव्हेच. ही पाहणी पैसे भरतानाच करावी.

राऊटर मोफत दिला असे सांगितले जाते, तेव्हा तो बहुधा वापरण्यासाठी दिलेला असतो आणि त्याची मालकी कंपनीकडेच राहते. तो घेऊन जाण्यासाठी माणूस येतो, पण पोचपावती देत नाही. मग काही आठवड्यांनी राऊटरची किंमत बिलात लागते. पोचपावती आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक, एवढे मिळाल्याशिवाय ते हातावेगळे करू नये.

दाद कोठे मागावी?

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार केंद्राकडे. तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निकाल देणे अपेक्षित आहे. 'ट्राय' स्वतः एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते आणि तेथे पत्रे पाठवण्यात वेळ जातो.

पुढचा मार्ग ग्राहक आयोगाचा; पण तो तब्बल बारा वर्षे जवळजवळ बंद होता. १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका दूरध्वनी प्रकरणात, १८८५ च्या तार अधिनियमाच्या कलम ७ ब नुसार असे वाद लवादाकडेच जावेत, असा निर्णय दिला. कंपन्या मग प्रत्येक तक्रारीत हाच निकाल पुढे करू लागल्या. अहमदाबादच्या एका मोबाइल ग्राहकाला एरवी सरासरी ५५५ रुपये बिल येत असताना २०१३ च्या अखेरीस एका महिन्याचे २४ हजार ६०९ रुपये बिल आले. त्याच्या तक्रारीवर व्होडाफोन आयडिया कंपनीने हीच हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने ती फेटाळून ग्राहक मंचांचा अधिकार मान्य केला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याचा हक्क अबाधित राहील, असे म्हटले आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार आता राहत्या किंवा नोकरीच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड किंवा अवाच्या सवा अनामत मागणाऱ्या अटीला हा कायदा 'अनुचित करार' म्हणतो. गंमत अशी, की तेवढीच अट रद्द करून घ्यायची तर जिल्ह्यात नव्हे, राज्य आयोगात जावे लागते. दोन हजारांच्या राऊटरसाठी तेवढी पायपीट कोण करणार? त्यामुळे सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा आयोगात जाणे अधिक सोयीचे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. तिचा निर्णय बंधनकारक नसतो. पण हेल्पलाइनकडून तक्रार कंपनीकडे पाठवली जाते, आणि लहान रकमांचे वाद कित्येकदा तेथेच मिटतात.