क्वारी बँक मिल

इंग्लंडच्या चेशर परगण्यात, स्टायल गावी, बॉलिन नदीकाठची जुनी कापडगिरणी. सॅम्युएल ग्रेगने ती 1784 मध्ये सुरू केली. आधी येथे केवळ सूतकताई होई. विणकाम एकोणिसाव्या शतकात आले. उत्पादन 1959 मध्ये थांबले. ग्रेग कुटुंबाने 1939 मध्येच ही मालमत्ता नॅशनल ट्रस्टला दिली होती.

आजचे लोखंडी पाणचाक मूळचे नाही. आधीचे प्रचंड चाक 1904 मध्ये बंद पडले. सध्याचे यॉर्कशरमधील ग्लासहाउसेस गिरणीतून आणलेले आहे. चाकाची गती दंतचक्रे, दांडे आणि पट्ट्यांमार्फत यंत्रांकडे जाते. मागावर ताण्याचे धागे आळीपाळीने वरखाली होतात, त्यांच्यामधून धोटा सुसाट धावतो आणि फणी बाण्याचा धागा ठोकून बसवते. चार-दोन माग चालू झाले तरी शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. त्या काळच्या कामगारांना बहिरेपण येई ते याच गोंगाटामुळे.

शिकाऊ मुलांचे वसतिगृह (1790) चुकवू नये. अनाथ, निर्धन मुले येथे राहून गिरणीत रोज सुमारे बारा तास राबत. ग्रेग कुटुंबाचा डोमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारा मळाही होता.