नंदीबैलाची मान

लहानपणी आमच्या अंगणात नंदीबैल यायचा. पाठीवर रंगीत झूल, शिंगांना गोंडे. मालक ढोलके घुमवीत विचारी, "यंदा पाऊस पडेल का?" बैल मान डोलावी आणि आई सूपभर धान्य आणी. पुढे इतिहास वाचताना मला एक कोडे पडे : सारी सत्ता हाती असलेल्या हुकूमशहाला विधिमंडळ हवेच कशाला? मग तो बैल आठवे. मालकाच्या नुसत्या शब्दावर कोण धान्य घालणार?

यादवी युद्ध जिंकलेल्या जनरल फ्रँकोने स्पेनमध्ये १९४२ साली कायदा करून 'कोर्तेस' नावाची अशीच एक सभा उभारली. विरोधी पक्षांना बंदी. सभासदांत मंत्री, नगराध्यक्ष, सरकारी कामगार-संघटनांचे लोक आणि खुद्द फ्रँकोने नेमलेले मानकरी. १९६७ साली काही जागा कुटुंबप्रमुखांच्या व विवाहित स्त्रियांच्या मतांनी भरल्या गेल्या. मान डोलावण्याचा रिवाज मात्र चालूच राहिला.

२० नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रँको वारला. हुआन कार्लोस राजे झाले. पुढच्या वर्षी त्यांनी पंतप्रधान नेमलेले आदोल्फो सुआरेझ याच राजवटीत वाढलेले. त्यांनी ती सभा मोडली नाही. सार्वत्रिक मतदानाने नवी संसद निवडण्याचे विधेयक तिच्यापुढेच ठेवले. म्हणजे सभेने आपल्याच हाताने आपले मृत्युपत्र करायचे! १८ नोव्हेंबर १९७६ रोजी एकेकाचे नाव पुकारले गेले. ४२५ जण 'होय' म्हणाले, ५९ जण 'नाही', १३ तटस्थ. १५ डिसेंबरला जनतेने कौल दिला आणि १५ जून १९७७ रोजी, १९३६ नंतर प्रथमच, स्पेनमध्ये मोकळी निवडणूक झाली.

ते ४२५ जण एका रात्रीत लोकशाहीवादी झाले काय? मला तसे वाटत नाही. कुणाला नव्या संसदेत जागेची आशा, कुणाला पुन्हा यादवीची धास्ती. आणि पुष्कळांना वरून इशारा आला की मान हलवण्याची सवयच जडलेली. फ्रँकोने लावलेली सवय त्याच्याच राजवटीच्या मुळावर आली!

स्पेनचे भले झाले, याचा आनंद आहेच. पण वाचकहो, एक गोष्ट मनाला टोचते. त्या दिवशी वरच्या इशाऱ्याला 'नाही' म्हणण्याचे धैर्य दाखवले, ते गेलेल्या हुकूमशहाच्या भक्तांनी. बाकीच्यांची मान चांगल्या बाजूला हलली खरी. पण दोरी तेव्हाही मालकाच्याच हातात होती.