गाभ्यातली निंदणी: लिनक्सने जुना कोड का काढला?

१/ १९९१ साली हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर एक कर्नल, म्हणजे संचालन प्रणालीचा गाभा, लिहिला. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच ३८६चा आधार लिनक्समधून काढला गेला. तो बदल टॉरवाल्ड्स यांनीच स्वीकारला. जन्मस्थान पुसण्याची वेळ का आली?

२/ ३८६मध्ये पुढच्या प्रोसेसरांतील काही आज्ञा नव्हत्या. त्यामुळे त्याच्यासाठी वेगळ्या पळवाटा जपाव्या लागत आणि प्रत्येक नव्या बदलात त्यांचा विचार करावा लागे. वापरणारे उरले नव्हते. ओझे मात्र उरले होते.

३/ पडून असलेला कोड निरुपद्रवी असतो, हा समज खोटा आहे. डीसीसीपी हा फारसा न वापरला गेलेला नेटवर्क प्रोटोकॉल २००५ साली कर्नलमध्ये आला. त्यातील एक चूक तब्बल २०१७ मध्ये उघड झाली. तिच्या आधारे साध्या वापरकर्त्याला संगणकाचे सर्वाधिकार मिळवता येत. ज्या दाराने कोणी ये-जा करत नाही, त्याची कडी कोण तपासणार?

४/ २०१८ मध्ये ४.१७ या आवृत्तीतून ब्लॅकफिन, टाइल यांसह ८ प्रोसेसर-रचना वगळल्या गेल्या. जवळपास ५ लाख ओळी गेल्या आणि नवी आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा लहान झाली. लिनक्सच्या इतिहासात असे क्वचितच घडते.

५/ दुसरा प्रश्न हेडर फाइलींचा. कोडच्या एका भागाला दुसऱ्याची ओळख करून देणाऱ्या या फाइली. कर्नलच्या खासगी व्याख्या आणि बाहेरील प्रोग्रामांसाठीच्या व्याख्या त्यांत एकत्र नांदत होत्या. २०१२ मध्ये डेव्हिड हॉवेल्स यांनी बाहेरच्यांसाठीचा भाग स्वतंत्र केला. घरातील माजघर आणि ओसरी वेगळी झाली.

६/ तरीही गुंता उरलाच. एक हेडर दुसऱ्याला ओढून आणी, दुसरे तिसऱ्याला. जानेवारी २०२२ मध्ये इंगो मोलनार यांनी २,२०० हून अधिक बदलांची मालिका मांडली. तिने कर्नलच्या बांधणीचा वेग ५० ते ८० टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा दावा होता. ती मालिका एकगठ्ठा स्वीकारली गेली नाही. साफसफाईसुद्धा तपासावी लागते, आणि तपासणाऱ्यांचा वेळ मर्यादित असतो.

७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला काही नष्ट होताना पाहून धडकी भरते. आपल्या सरकारी दप्तरांत जुने कागद निवडून काढण्याला ‘निंदणीकरण’ म्हणतात. तिथे नष्ट केलेला कागद परत येत नाही. लिनक्सचा कोड मात्र २००५ पासून गिटमध्ये नोंदला जातो. काढलेली ओळ, ती कोणी काढली, केव्हा आणि का, हे सारे तिथे वाचता येते.

८/ म्हणून हे विस्मरण नव्हे. वर्तमानाला हलके करायचे आणि भूतकाळ नोंदीत जपायचा, अशी ही विभागणी आहे. पुसण्याचा अधिकार हवा असेल, तर पुसल्याची नोंद ठेवण्याचे कर्तव्यही पत्करावे लागते. (समाप्त)